बडेबाबूंच्या हाका

पुस्तक छापून होण्याआधी त्याचं प्रकाशन करायची आमच्या कॉलेजात रीत आहे. परिषदेच्या शोधनिबंधांचं पुस्तक उद्घाटनाच्या दिवशीच निघालं पाहिजे. पाहुणे त्याच दिवशी असतात, फोटोग्राफर त्याच दिवशी असतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर हॉलमध्ये निबंध वाचणारा आणि त्याच्या पुढचा निबंध वाचणारा एवढीच दोन माणसं उरतात. निबंध मात्र आदल्या दिवसापर्यंत येतच असतात. मग काय, मुखपृष्ठ तेवढं छापून घ्यायचं, कपाटातल्या जुन्या स्मरणिकांवर चढवायचं, वरून चकचकीत कागद आणि लाल रिबीन. पाहुणे रिबीन सोडतात, पुस्तक छातीशी धरतात, कॅमेऱ्याकडे बघतात. आतलं पान कुणी उघडत नाही. शिपाई नंतर सगळ्या प्रती गोळा करून नेतो. एकदा एक पाहुणे प्रत सोबत घेऊन गेले तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती. आत कुक्कुटपालनाची स्मरणिका होती.

यात मला कधी काही गैर वाटलं नाही. मी मराठी विभागात सव्वीस वर्षं आहे, आणि अशी चार पुस्तकं माझ्याच संपादनाखाली निघाली आहेत. पण या रीतीत एक खोच आहे, ती मला फार उशिरा कळली. एकदा प्रकाशन झालं की पुस्तक छापायची घाई कुणालाच राहत नाही. पाचव्या पुस्तकाच्या वेळी घाई असलेला एक माणूस होता. त्याची नजर जात चालली होती.

तो माणूस म्हणजे आमचे बडेबाबू. आमच्याकडे हेडक्लार्कला बडेबाबूच म्हणतात, आणि हे निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी कॉलेजात त्यांना कुणी दुसरं काही म्हणत नव्हतं. आत्ता जे आहेत त्यांना 'नवे बडेबाबू' म्हणतात, त्यांचेही केस पांढरे झाले. तर हे जुने बडेबाबू नोकरीत असताना दर रविवारी एका कापडी पिशवीत टेपरेकॉर्डर घालून मौद्याकडच्या गावांत जायचे. त्यांच्या बहिणीचं सासर तिकडचं. आधी सायकल, मग स्कूटर. आणि तिथे जाऊन ते काय जमवायचे, तर हाका.

गाणी नव्हे, गोष्टी नव्हे. हाका. कोंबड्यांना दाणे टाकताना बाई काय म्हणते, वासराला कशी बोलावते, वावरातून घरी आवाज द्यायचा तर कोणत्या शब्दावर सूर लांबवतात, झोपलेल्या सासऱ्याला नाव न घेता कसं उठवतात. कॉलेजातले प्राध्यापक त्यांना हसायचे. मीही सुरुवातीला हसले आहे, उगाच साधूपणाचा आव कशाला आणू. "बडेबाबू, या रविवारी किती कोंबड्या झाल्या?" असं मीच एकदा स्टाफरूममध्ये विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "कोंबड्या त्याच असतात मॅडम, बाया बदलतात. प्रत्येकीची हाक येगळी."

त्यांनी ते सगळं कॉलेजातून बाद झालेल्या प्रवेशाच्या रजिस्टरांत उतरवलं होतं. अशी एकोणीस रजिस्टरं. हाडाचा कारकून, त्यामुळे रकाने पाडल्याशिवाय त्यांना लिहिताच यायचं नाही. अनुक्रमांक, हाक, कोणी मारली, कोणाला मारली, गाव, वेळ, आणि शेवटी शेरा. मी ती रजिस्टरं पहिल्यांदा वाचायला घेतली ती टवाळी करायलाच. कन्हान नदीच्या पलीकडून नावाड्याला मारायची हाक होती, "डोंगा आन गाऽऽ". पुढे शेरा: पूल झाला, हाक बंद. एका म्हातारीची गाईला मारायची हाक होती, तिच्यापुढे शेरा: गाय तीन वर्षांमागे मेली, तरी हाक मारून दाखवली, मग बोलली नाही. मी ते रजिस्टर मिटलं आणि त्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलेच नाही.

पुढे कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. वर्षभर आधीपासून आमच्या अंगात वारं भरलं. कोणत्या विभागाने काय 'डिजिटल' केलं हे दाखवायचं होतं, आणि मराठी विभागाकडे दाखवायला एक तुटका प्रोजेक्टर होता. मी बडेबाबूंकडे गेले. ते नंदनवन नावाच्या वस्तीत राहतात, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. म्हटलं, तुमची रजिस्टरं द्या, कॅसेटी द्या, आपण सगळं संगणकावर चढवू, जगभर कुणालाही ऐकता येईल. त्यांनी एका शब्दानं अट घातली नाही. रिक्षात रजिस्टरं ठेवताना फक्त म्हणाले, "क्रम हलू देऊ नका."

आम्ही ते खरंच केलं. विद्यार्थिनींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सगळ्या नोंदी टाइप केल्या, एकीच्या भावाने कॅसेटींचे आवाज संगणकात घेतले. कॉलेजच्या वेबसाइटवर पान झालं. हाकेवर बोट ठेवलं की आवाज यायचा. फॉर्म भरताना त्यात एक रकाना होता, 'सादरकर्ता'. तिथे मी 'मराठी विभाग' लिहिलं. समितीला विभागाचं काम दाखवायचं होतं ना. बडेबाबूंचं नाव समिती गेल्यावर खाली सविस्तर टाकू, फोटोसकट टाकू, असं मी ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं. समिती आली, जेवली, आमची पाठ थोपटून गेली. नंतर परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि ते राहिलं ते राहिलंच.

दोन वर्षांनी परिषद ठरली. विषय 'डिजिटल मानव्यविद्या'. बॅनरवर हे नाव वाचून आमच्या शिपायाने विचारलं होतं, "मॅडम, हे काय असते?" मी म्हटलं, जुनी पोथी नव्या कपाटात. तो म्हणाला, मग कपाटाची परिषद आहे म्हणा. समन्वयक इंग्रजीचे सर होते, संपादन माझ्याकडे. मी बडेबाबूंना म्हटलं, तुम्ही निबंध लिहा. इतके लोक दुसऱ्यांच्या माहितीवर लिहितात, तुमची तर स्वतःची आहे.

ते नको नको म्हणाले. "मी बारावी पास माणूस. मले काहून मंचावर नेता?" पण काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "लिहा म्हणते मी. एकदा तरी तुमच्या नावानं काही छापून येऊ द्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीची पत्रं टाइप केली."

तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. डावा कधीच गेला होता, आणि उजव्याने नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, तेही आकसत चाललं होतं. डॉक्टरांनी वर्षभराचा अंदाज दिला होता. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते विभागात येऊन बसायचे आणि सांगायचे, मी टाइप करायची. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की". मी हसत सुटले. म्हटलं, बडेबाबू, हा अर्ज नाही. ते म्हणाले, "मले दुसरं सुरूच करता येत नाही." शेवटी आम्ही ते वाक्य तसंच ठेवलं. त्याच्यापुढचं मात्र असं होतं की मला टाइप करता करता थांबावं लागायचं. हाक कोणासाठी असते, आणि ऐकणारा नसला तर तिचं काय होतं, एवढंच त्यांनी साध्या कारकुनी भाषेत मांडलं होतं. मोठे शब्द एकही नाहीत. मी त्या मजकुरावरून इतक्या वेळा फिरले की तो मला पाठच झाला.

निबंध पुरा झाला त्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, माह्या एका डोळ्यात जेवढं बाकी आहे ना, तेवढ्यात हे पुस्तक आलं पाहिजे. मले माहं नाव छापलेलं पाहाचं आहे. बस, दुसरं काही नाही."

मी म्हटलं, येणारच. सहा महिन्यांच्या आत.

परिषदेच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. काकू हिरव्या काठाची साडी नेसून पहिल्या रांगेत. निबंध काकू वाचणार आणि हाका बडेबाबू मारणार असं ऐनवेळी ठरलं, कारण त्यांना कागदावरचं दिसत नव्हतं. ते माइकपासून लांब उभे राहिले. पहिली हाक कोंबड्यांची होती, मागची पोरं खिदळली. मग त्यांनी नदीकाठची ती हाक मारली, आणि आमच्या त्या पंखे करकरणाऱ्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. समन्वयक सरांनी मोबाइल खाली ठेवला, हे मी पाहिलं.

त्याआधी प्रकाशन झालं होतं. एक प्रत बडेबाबूंच्याही हातात होती. नंतर ती त्यांनी स्वतःच शिपायाला परत दिली. मी ओशाळले, तर म्हणाले, "अहो, इतके वर्षं रिबिनी मीच बांधत होतो. आतमध्ये काय असते मले माहीत नाही काय? असली केव्हा येते तेवढं सांगा."

असली यायचं नाव नव्हतं. समन्वयक सर मुलीच्या लग्नात अडकले. चार जणांनी निबंधांच्या तळटीपाच दिल्या नव्हत्या. प्रकाशकाने फॉन्ट बदलले, जोडाक्षरं फुटली, सगळं पुन्हा तपासलं. मी मीटिंगमध्ये घाई करा म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे, प्रकाशन तर झालंय, आता कसली घाई. दर सोमवारी बडेबाबूंचा फोन यायचा. तक्रार नाही, चौकशी. "काही हालचाल?" मी म्हणायची, आता झालंच. सहा महिने झाले, नऊ झाले. एका सोमवारी ते म्हणाले, "मॅडम, घाई नाही, पण काल मले घड्याळ दिसलं नाही." फोन ठेवून मी टेबलावर डोकं टेकून बसले.

मग प्रकाशकाने सांगितलं की छापण्याआधी प्रत्येक निबंध चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून त्याचा अहवाल जोडा. आम्ही काढले. बडेबाबूंचा निबंध जवळजवळ सगळा लाल. त्यांनी रजिस्टरातल्या नोंदी आणि शेरे जसेच्या तसे घेतले होते. त्यांचेच होते, का घेऊ नयेत. पण यंत्राने दाखवलं की हा मजकूर आधीच दुसरीकडे आहे. कुठे आहे, तर आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर. सादरकर्ता, मराठी विभाग.

माणसाने स्वतःचंच चोरलं असा अहवाल माझ्या हातात होता, आणि तो तसा निघायला मी कारण होते.

मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. निदान सुरुवातीला तरी सांगितलं. समन्वयक सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं आहे, पण फाइलला हा अहवाल लागणार. यात लाल दिसतंय. आणि ते काम बडेबाबूंचं आहे असं लिहून दिलं, तर तुम्ही दुसऱ्याचं काम विभागाच्या नावावर समितीला दाखवलं असं होतं. चौकशी लागली तर कुणावर येईल? तुमच्यावर आणि प्राचार्यांवर." मग जरा थांबून, "तुमची प्रोफेसरशिपची फाइल पण याच वर्षी जायची आहे ना."

हो, जायची होती. त्या फाइलमध्ये तेच वेबसाइटचं पान होतं, माझं काम म्हणून.

मी घरी विचार करते म्हणाले नाही, एक दिवस द्या म्हणाले नाही. मी म्हटलं, "मग काय करायचं?" हे जे तीन शब्द आहेत ना, त्यांच्यातच सगळं आलं. जिला काही करायचं असतं ती असं विचारत नाही. सर म्हणाले, या पुस्तकातून वगळू, पुढच्या परिषदेत बघू. वगळलेल्या निबंधांच्या यादीवर संपादकाची सही लागते. ती मी केली. पेनसुद्धा माझंच होतं.

वेबसाइटवर त्यांचं नाव टाकायचा मी नंतर प्रयत्न केला. तोही खराखुरा नाही, मनाची समजूत काढण्यापुरता. वेबसाइट बनवणारी कंपनी बदलली होती, जुन्याचा पासवर्ड नव्याकडे नव्हता. मी दोन मेल पाठवल्या, उत्तर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. डिजिटल म्हणजे केव्हाही दुरुस्त करता येतं असं मी परिषदेत माझ्या निबंधात म्हटलं होतं. माझा निबंध मात्र पुस्तकात आहे.

पुस्तक आलं तेव्हा परिषदेला चौदा महिने झाले होते. बडेबाबूंची नजर त्याच्या महिनाभर आधी पुरती गेली.

मी प्रत घेऊन नंदनवनात गेले ती सांगायचं ठरवूनच. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दारात चपला काढताना ती तयार होती. व्हरांड्यात ते खुर्चीवर बसले होते, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर दोन्ही हात पुढे केले, नमस्काराला नव्हे, ओंजळीसारखे. मी पुस्तक त्यात ठेवलं. त्यांनी पाठपोट चाचपलं, कडा बोटाने मोजल्या, नाकाशी नेलं. "असली आहे," म्हणाले. "ताजा वास येऊन राहिला." मग मला म्हणाले, "माहं कोणत्या पानावर आहे?"

मी म्हटलं, "एकशे बारा."

कुठून आला तो आकडा मला माहीत नाही. तोंडातून गेला. ते म्हणाले, "वाचा." मी पुस्तक घेतलं, एकशे बारावं पान उघडलं. तिथे कुणाचा तरी जुन्या नकाशांवरचा निबंध होता. मी त्याच्याकडे बघत सुरू केलं, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की". ते मान डोलावत ऐकत होते. चांगली दहा मिनिटं मी पाठ म्हणत राहिले. नदीच्या हाकेपर्यंत आले आणि माझा आवाज फाटला. म्हटलं, घसा बसलाय बडेबाबू, उरलेलं पुन्हा कधी. काकू व्हरांड्याच्या दाराशी चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चहा माझ्या हातात दिला. बडेबाबू आकाशाकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिथे बसवेना.

त्यानंतर मी गेले नाही. सोमवारचे फोन बंद झाले होते, त्यांचं काम झालं होतं ना. बाजारात कुणी भेटलं की सांगायचं, बडेबाबूंचं पुस्तकात आलं म्हणे, पान एकशे बारा, सगळ्यांना सांगून राहिले. मी हसायची आणि भाजी निवडायला लागायची. माझी फाइल पुढे गेली. मी प्रोफेसर झाले. पेढे वाटले.

दीडेक महिन्याने काकू विभागात आल्या, एकट्या, ऑटोने. तास चालू होते, खोलीत मी एकटीच होते. त्यांनी पदराने कपाळ पुसलं, पाणी प्यायल्या. मला वाटलं आता बरसतील, बरसाव्यात असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, "रविवारी भाचा आला होता. मिहानमधल्या कंपनीत आहे ना कामाले, तो. हे त्याले म्हणाले, एकशे बारा काढ अन् वाच. त्यानं काढलं. मी पटकन पुस्तक घेतलं त्याच्या हातातून. म्हटलं, तुले यांचं अक्षर लागत नाही, मी वाचते."

"काकू," मी म्हटलं.

"छापलेल्या पुस्तकात कोणाचं अक्षर वं? काहीही बोलली मी. पण त्याले समजलं, चुप बसला बिचारा. मग मी वाचलं, तू वाचलं होतं तेवढं. परिषदेत वाचलं होतं म्हणून थोडं ध्यानात होतं, बाकीचं त्या दिवशी तुह्या तोंडून ऐकलं."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवशीपासून. तू एवढं वाचलं अन् पान एकदाही उलटलं नाही."

मी रडायला लागले. बाईमाणूस समोर रडलं की दुसरी पाठीवर हात ठेवते, काकूंनी ठेवला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, वेबसाइट, लाल अहवाल, सही, प्रोफेसरशिप. काही लपवलं नाही. त्यांना त्यातलं यंत्राचं किती कळलं माहीत नाही, सहीचं कळलं. "म्हणजे त्यांचं नाव तू आधी काढलं, मग त्यांच्यावर चोरी आली," एवढंच म्हणाल्या. इतक्या दिवसांत हे इतक्या सरळ वाक्यात कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. "मी भांडाले नाही आली. ते रोज म्हणतात, पुढचं वाच. मले नदीपर्यंतच येते. त्याच्यापुढं काय आहे ते दे."

मी संगणकावरून त्यांचा निबंध काढला. मोठ्या अक्षरांत केला, त्यांच्याही वयाचा विचार करून. वीस पानं झाली. पहिल्या पानावर मधोमध बडेबाबूंचं नाव होतं, मीच टाइप केलेलं. काकू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पानं नीट जुळवून पिशवीत ठेवली.

मी म्हटलं, "काकू, मी येते तुमच्याबरोबर. आत्ताच येते. त्यांना मीच सांगते, पाया पडून सांगते."

"नको," त्या म्हणाल्या. "तुले मोकळं व्हाचं आहे, म्हणून तू सांगशील. मग ते हे ओझं कुठं ठेवतील? पाहाले तर काही उरलं नाही त्यांच्यापाशी. हे एक आहे, तर हेही घेऊन चालली?"

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "अन् घरी याचं बंद करू नको. तू येत नाही तर ते मले विचारतात, मॅडमले माहा राग आला काय? असं करू नको वं. दर रविवारी येत जा."

मी दर रविवारी जाते. दोन वर्षं झाली. अकराच्या सुमारास व्हरांड्यात बसते, काकू चहा आणतात. बडेबाबू आता थकले आहेत, बोलता बोलता डोळा लागतो त्यांचा. पण शेजारचं कुणी आलं, भाडेकरू आला, गॅसवाला आला, तरी ते सावरून बसतात, माझ्या दिशेने हात करतात आणि म्हणतात, "ह्या आमच्या मॅडम. यायनं माहं नाव छापलं."

आलेला माणूस माझ्याकडे आदराने बघतो. काकू आतल्या खोलीत काहीतरी करत असतात, त्यांचा हात तेवढ्यापुरता थांबतो. मी आलेल्या माणसाला नमस्कार करते.